पगारवालीचा शेवटचा नंबर

सपना खिल्लारेने गेल्या वर्षात जितके उपास केले तितके तिच्या अख्ख्या घराण्यात कुणी केले नसतील. मुळात घर बौद्ध. तिथे संकष्टी नाही की गुरुवार नाही. पण विद्यापीठात दुपारी घोळका कँटीनकडे निघाला आणि तेजल म्हणाली, "चल ना यार, कॉन्ट्री काढू," की सपनाच्या तोंडून आपसूक निघायचं, "मला नको गं, उपास आहे." पैसे नाहीत म्हणण्यापेक्षा देवाला मध्ये घालणं सोपं. तेजलच्या घरी मात्र उपासांची काही कमी नव्हती. तिने एकदा विचारलंच.

"आज बुधवार. बुधवारचा कुणाचा गं?"

"आमच्याकडे असतो," सपना म्हणाली आणि ग्रंथालयात जाऊन डब्यातली तिसरी पोळी खाल्ली.

पैसे वाचवायचे तर हे असं वाचतात. बाकी मुलं मोबाइलवर खर्चाची अ‍ॅपं उघडून बसायची, रंगीत चकत्या बघून "बाहेरचं खाणं फार होतंय यार" म्हणायची आणि मग बाहेर खायला जायची. सपनाला चकती लागत नव्हती. झेरॉक्स काढायच्या आधी ती विचार करायची, हे पान हाताने उतरवता येईल का? बहुतेक वेळा यायचं. संध्याकाळी दोन घरी नववीच्या शिकवण्या होत्या, त्यावर जाणंयेणं निघायचं. फेलोशिप मंजूर झाली तेव्हा पहिला हप्ता सहा महिन्यांचा एकदम आला होता. पुढचा कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. मार्गदर्शक बाई म्हणायच्या, "येतं गं ते. उशिरा येतं, पण येतं." बाईंचं बरं होतं, त्यांचं एक तारखेला येत होतं.

सपनाचा विषय अर्थशास्त्राचा: साकीनाक्याच्या गाळ्यांत काम करणाऱ्या बायकांची कमाई. त्या सगळ्या आपल्या पैशाला पगारच म्हणायच्या. नगावर मिळाले तरी पगार, काम असेल तेव्हाच मिळाले तरी पगार. या एका शब्दावर तिने प्रबंधात चांगली दोन पानं लिहिली होती, आणि बाईंनी समासात 'छान' असा शेरा मारला होता. स्वतःच्या घरात तोच शब्द काय करामत करतोय, हे मात्र या विदुषीच्या ध्यानात आलं नाही.

झालं होतं असं. तो पहिला हप्ता आला त्या दिवशी तिच्या आईने, वनमालाबाईंनी, घाटकोपरच्या त्यांच्या इमारतीत तीन मजले पेढे वाटले. "माझ्या सपनाला पगार चालू झाला." सपनाने जिन्यातच म्हटलं होतं, "आई, पगार नाही तो, फेलोशिप आहे." "तेच ते," आई म्हणाली. "लोकांना काय इंग्रजी सांगत बसू?" सपनानेही सोडून दिलं. पेढे गोड होते आणि आई खूश होती.

तिसऱ्या मजल्यावर मालनकाकूंची भिशी चालायची. दर महिन्याला बाराजणींनी सारखे पैसे काढायचे आणि ती सगळी रक्कम एकीने उचलायची. बाकी ठिकाणी चिठ्ठ्या टाकतात. मालनकाकू चिठ्ठ्या टाकत नसत. त्या कोकणातल्या, सासरे गिरणीतले, माणसांची पारख आपल्याला आहे असं त्यांचं ठाम मत. त्यांचा कायदा साधा होता. जिची नड मोठी तिला आधीचा नंबर, आणि जिच्याकडे पगार तिला शेवटचा. पगारवाली थांबू शकते, आणि हप्ता बुडवून पळत नाही. वनमालाबाई दरवर्षी स्वतःच्या नावाने भिशी लावायच्या. या वर्षी ताठ मानेने म्हणाल्या, "यंदा सपनाच्या नावानं घाला. तिला पगार आहे."

"मगे बारावो तिचो," मालनकाकू म्हणाल्या. झालं. बारावा म्हणजे डिसेंबर.

फेलोशिपमधले उरलेले पैसे मोडून खायला नकोत म्हणून सपना दर महिन्याला इमानाने भिशीत टाकत राहिली. बचत झकास चालली होती. फक्त हात लावता येत नव्हता.

एप्रिलमध्ये विद्यापीठाची नोटीस लागली. वर्षाची फी शनिवारपर्यंत भरा, नाहीतर नोंदणी रद्द. फेलोशिप आली नाही हे कारण चालणार नाही, असं ठळक अक्षरांत. सपनाने ती नोटीस पुन्हा पुन्हा वाचली, जणू वाचून मजकूर बदलतो. आईच्या कामाचे पैसे कुठे कुठे जातात ते तिला पाठ होतं: वडिलांच्या आजारपणाचं कर्ज, धाकट्याचा कोर्स, इमारतीचा मेंटेनन्स. तिथे मागण्यासारखं काही नव्हतं. राहिली भिशी.

"आई, मालनकाकूंना सांगून नंबर पुढे घेऊ या का?"

"काय सांगून?"

"खरं ते. मला पगार नाही म्हणून."

वनमालाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही, पण भाकरी कडेला फाटली. "चारचौघींत माझं नाक काप आता," त्या म्हणाल्या. "पेढे परत मागते सगळ्यांकडून."

रविवारी भिशी बसली. चहा झाला, पैसे गोळा झाले. या महिन्याचा नंबर मीराताईंचा होता. त्यांच्या सुयोगला मोटरसायकल घ्यायची होती. तो 'मोठ्या कंपनीत' होता. सपना दाराशी बसली होती, आई खिडकीशी. आई तिच्याकडे बघत नव्हती. रक्कम उचलून झाली की महिना गेला, आणि महिन्याबरोबर चार वर्षांचं शिक्षण. मालनकाकूंनी नोटा रबरात घातल्या तेव्हा सपना बोलली. घाईत, आणि जरा मोठ्याने.

"काकू, मला पगार नाही."

"काय ता?"

"मला पगार नाहीये. फेलोशिप आहे. आली तर आली. गेल्या सप्टेंबरपासून आलेली नाही."

मालनकाकूंनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि ह्या माका एप्रिलात सांगतंस? वनमाला, ते पेढे कसले होते गो?"

वनमालाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"मला फी भरायची आहे शनिवारपर्यंत," सपना म्हणाली. "नंबर बदलून द्या कुणीतरी."

राधाकाकूंनी आधीच हात वर केले. त्यांचा नंबर मे महिन्याचा. "माझ्याकडे बघू नका. फ्रीज घ्यायचाय मला. डिसेंबरात फ्रीज घेऊन काय करू, स्वेटर ठेवू?"

दोघी-तिघी हसल्या. मग मीराताई, ज्यांच्या पुढ्यात रक्कम यायची होती, त्या हळूच म्हणाल्या, "माझी घे."

"आणि सुयोगची गाडी?" राधाकाकूंनी विचारलं.

"कर्ज नाही दिलं त्याला." मीराताईंनी पदर नीट केला. "मोठी कंपनी आहे, पण तो तिचा नाही. कंत्राटावर आहे. दर अकरा महिन्यांनी काढतात आणि परत घेतात. बँकवाल्याने विचारलं, सॅलरी स्लिप कुठेय? मी तुम्हाला काय सांगणार होते?"

"आमच्या जावयाचंही तेच," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"माझ्या प्रीतमचं तर दिवसावर आहे," राधाकाकू म्हणाल्या. "फ्रीज मी शिवणाच्या पैशातून घेतेय, त्याच्या नाही."

मालनकाकूंच्या यादीची पार वाट लागली. त्यांनी एकेकीकडे बघितलं. "म्हणजे माझ्या भिशीत पगार असा कोणाक?"

उत्तर सपनाला ठाऊक होतं, आणि ते इतकं समोर होतं की तिची तिलाच चीड आली. तिची आई वीस वर्षं पालिकेच्या इस्पितळात आया होती. पर्मनंट. दर महिन्याला बँकेत. ते पैसे घरात यायचे, पण त्यांना कधी कुणी पगार म्हटलं नव्हतं. आईनेही नाही. 'माझ्या कामाचे' म्हणायची. पगार म्हणजे शिकलेल्या मुलीला मिळतो तो.

"आईला आहे," सपना म्हणाली.

वनमालाबाईंनी आता मान वळवली. सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. "आयाचं काम ते," त्या म्हणाल्या. "त्याचं काय एवढं?"

"स्लिप मेळता मां?" मालनकाकूंनी विचारलं.

"मिळते की."

"मगे तू जामीन. पोरीन हप्तो बुडवल्यान तर तो तू भरूचो. कबूल?"

वनमालाबाई म्हणाल्या, "कबूल. पण पेढ्यांचं परत कुणी काढायचं नाही."

मीराताईंनी डिसेंबर घेतला. रबरातल्या नोटा सपनाच्या हातात आल्या. जिना चढताना आई पुढे आणि सपना मागे होती.

"पगार नाही म्हणालीस, ठीक," आई न वळता म्हणाली. "आली तर आली, असं कशाला म्हणायचं? भीक असल्यासारखं."

प्रबंधातली दोन पानं तिला आठवली आणि पुन्हा लिहावी लागणार हेही कळलं. बायका शब्द चुकीचा वापरतात असं तिने लिहिलं होतं. त्या चुकत नव्हत्या. ज्याच्या भरवशावर मान वर करता येईल अशा पैशाला त्या पगार म्हणत होत्या, आणि तसा पैसा बहुतेकींकडे नव्हता म्हणूनच म्हणत होत्या.

शुक्रवारी तिने फी भरली. खिडकीवरून परतताना तेजल भेटली. "कॉन्ट्री काढतोय, येतेस? की शुक्रवारचा पण असतो तुमच्याकडे?"

"पैसे नाहीत गं," सपना म्हणाली.

"मग असं बोल ना सरळ! मला वाटलं तू मरतेस आता उपासांनी." तेजलने तिचा डबा हिसकावून उघडला. "भाकरी? दे अर्धी. माझं सँडविच घे."

संध्याकाळी इमारतीच्या दाराशी नवीन भाडेकरीण वनमालाबाईंना विचारत होती, मुलगी कुठे कामाला असते म्हणून. सपना मागून येत होती, ती थबकली.

"कामाला नाही, शिकते अजून," वनमालाबाई म्हणाल्या. "आणि मी आहे कामाला. पालिकेत." मग सपना दिसताच त्यांनी आवाज चढवला. "फीची पावती घेतलीस का? आणि ऐक, पाच तारखेला हप्ता. माझ्यापर्यंत येऊ द्यायचा नाही. घरी मी आई असेन, भिशीत जामीन आहे."