पडद्यावरचं ऊन

मी पाहिलेला पहिला डिजिटल कॅमेरा शेजारच्या मावशींच्या घरी आला, प्लास्टिकच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. रोह्याच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी आणि धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला लागलेल्या पोरांचे गेटपासचे फोटो, एवढ्यावर घर चालायचं. कॅमेऱ्यातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. त्या पिशवीतल्या वस्तूने ती पार जिरवली.

मावशी बेने इस्रायल. त्यांच्यातले लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत. एकेक घर करत रोह्यातले जवळजवळ सगळे इस्रायलला गेले. मावशींचा एकुलता एक मुलगाही गेला. मावशी आणि काका मागे राहिले, पुढे काकाही गेले. निडीच्या वाटेला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं कब्रस्तान आहे, तिथे काकांना ठेवलं. एरवी वर्षाच्या आत कबरीवर नावाचा दगड बसवतात. मावशींनी बसवला नव्हता. "पोरगा जिता हाय ना त्यांचा? तो येईल नि बसवील," एवढंच म्हणायच्या. आणि पोरगा दर वर्षी पुढच्या सुट्टीत येणार असायचा.

कॅमेरा त्यानेच पाठवला होता. मावशींचा एक पुतण्या तिकडून लग्नासाठी ठाण्याला आला होता, तो गुरुवारी धावतपळत येऊन पिशवी देऊन गेला. मुलाचा निरोप होता की घराचे आणि बाबांच्या कबरीचे फोटो काढून ठेवा, सोमवारी जाताना पुतण्या कॅमेरा परत नेईल. मी म्हटलं, मावशी, मी आपला रोल टाकून काढतो की. पण रंगीत रोल धुवायला पेणला जायचा, हातात यायला आठवडा लागायचा. शिवाय मुलाला फोटो कॉम्प्युटरवर बघायचा होता.

"त्याला बघू दे रे," मावशी म्हणाल्या. "बापाच्या डोक्याशी साधा धोंडा नाय, ह्ये बघितलंन की लाज वाटंल त्याला. लाज वाटली की येईल."

असा सगळा बेत होता. म्हातारीला फोटोबिटो काही नको होता, तिला पोरगा हवा होता.

शुक्रवारी दुपारी आम्ही रिक्षाने गेलो. कब्रस्तानात कमरेएवढं वाळलेलं गवत. मी कोयता नेला होता, पण मावशींनी हातच धरला. "कापू नको. हाय तसं दिसू दे त्याला." बरं म्हटलं आणि कॅमेरा काढला. वीटभर जड धूड, पोटात फ्लॉपी घालायची. मी डोळा लावायला भोक शोधतोय, तर भोकच नाही! मागे फक्त एक छोटा पडदा, त्यात बघून फोटो काढायचा. घ्या! वैशाखातलं ऊन, आणि त्या पडद्यात मला दिसत होता माझाच पांढरा शर्ट आणि माझंच घामेजलेलं थोबाड. कबर नाही, मावशी नाहीत, काही नाही.

आता आम्हा स्टुडिओवाल्यांना पहिल्या दिवसापासून एकच शिकवलेलं असतं, सूर्य पाठीशी घ्यायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडावर उजेड पडला पाहिजे. ते हाडात इतकं भिनलेलं की मी जागा बदलली तरी पाठ पुन्हा उन्हाकडेच करायचो, आणि ऊन माझ्या खांद्यावरून थेट त्या पडद्यावर. हाताचा आडोसा केला. मावशींची छत्री धरली, तर छत्री एका हातात आणि ते धूड दुसऱ्या हातात थरथरतंय. शेवटी मावशींनी पदर माझ्या डोक्यावरून घातला. त्या पातळ पदरातूनही ऊन गाळून येत होतं, आणि आत दोघांची डोकी एकमेकांवर आपटत होती. "मेल्या, मला दिसतंय काय तिथं? मी तर फोटोत उभी राहायची ना!" म्हणून त्या हसल्या. मी वैतागून अंदाजाने चारपाच फोटो मारले. घरी येऊन अंधारात बघितले तर एकात नुसतं गवत, एकात मावशींचं मुंडकं उडालेलं, एकात माझा अंगठा.

शनिवारी सकाळी उठलो तर आभाळ भरून आलेलं. पाऊस नाही, नुसतं मऊ, सावळं आभाळ. पडदा कसा स्वच्छ दिसला असता. मी कॅमेरा घेऊन धावत मावशींकडे गेलो. त्या हात मांडीत घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. शनिवार. चूल पेटवायची नाही, गाडीत बसायचं नाही, काम करायचं नाही.

"मावशी, बटण मी दाबणार. तुम्ही नुसतं उभं राहायचं."

"नाय रे बाबा."

"अहो, उद्या परत ऊन पडेल!"

"पडू दे. त्यांनी जन्मात कधी शनवार मोडला नाय. त्यांच्याच कबरीवर जाऊन मी मोडू?"

माझं डोकंच फिरलं. दिवसभर ते आभाळ तसंच होतं आणि मी दुकानाच्या पायरीवर बसून त्याला शिव्या देत होतो. मावशींना शिव्या देणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी मात्र ईर्ष्येला पेटलो. फोटो छापायच्या ब्रोमाइड कागदाच्या पाकिटातून जो काळा कागद निघतो त्याचा ढीग माझ्या डार्करूममध्ये पडलेला असायचा. बुटांचं एक खोकं घेतलं, दोन्ही बाजू कापल्या, आतून तो काळा कागद चिकटवला. एका तोंडाला कॅमेऱ्याचा पडदा, दुसऱ्या तोंडाला माझं तोंड. बायको म्हणाली, "घोड्याला तोबरा लावतात तसं दिसतंय." दिसू दे म्हटलं.

रविवारी चकचकीत ऊन पडलं, पडणारच होतं. मी काळा शर्ट घातला. खोकं पडद्याला लावून आत तोंड खुपसलं, सूर्य जरा बगलेला घेतला, आणि काय सांगू, आत सगळं दिसलं! गवताची काडी न् काडी. कबरीच्या मातीला गेलेली भेग. मावशींची झिजलेली चप्पल. डोक्याशी जिथे दगड असायला हवा ती मोकळी जागा. मावशी तिच्याकडे बोट दाखवत उभ्या राहिल्या, कोर्टात पुरावा दाखवावा तशा. मी बटण दाबलं. घरी बघितला, फोटो असा खणखणीत आला होता की मला स्वतःचाच अभिमान वाटला. मावशींनी कॅमेऱ्याचा पडदा डोळ्याजवळ नेऊन तो कितीतरी वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "आता येतो बघ." सोमवारी पुतण्या कॅमेरा आणि फ्लॉपी घेऊन गेला.

त्यानंतर मावशी रोज दुकानात यायच्या, कारण फोन माझ्याकडे होता. घराला चुना काढून घेतला. पेणला माहेरी निरोप धाडला की पोरगा येतोय, पोहे पाठवा. मी म्हणायचो, मावशी, अजून त्याचा फोन तर येऊ दे. त्या म्हणायच्या, तुला काय कळतंय.

एका सकाळी फोन आला. मावशी समोरच्या बाकावर बसल्या होत्या. मी उचलला.

"दादा, काय फोटो काढलात हो!" मुलगा म्हणाला. इतक्या वर्षांनी त्याचं मराठी जरा अडखळत होतं, पण आवाज आनंदाने भरलेला होता. "स्क्रीनभर लावला. मुलांना दाखवला, हे बघा, इथे तुमचे आजोबा आहेत. एवढं स्पष्ट, की मी तिथे जाऊन आल्यासारखंच वाटलं. खरं सांगू? या सुट्टीत यायचंच ठरवलं होतं, तिकिटाची चौकशीही केली होती. पण आता बायको म्हणते, सगळं बघितलंत ना, मग एवढ्या लांब कशाला? तेही खरंच आहे. दगड तुम्हीच बसवून घ्या दादा, खर्चाचं मी बघतो. आणि त्याचाही अस्साच एक फोटो काढा. आई आहे का तिथे?"

मावशी केव्हाच उठून आल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला, माझ्या हातातून रिसीव्हर जवळजवळ ओढूनच घेतला, आणि तिकडे इस्रायलपर्यंत ऐकू जावं म्हणून मोठ्याने ओरडल्या,

"बघितलास ना रे फोटो? मग कधी येतोस?"