बॅटरीबाई आणि बंद दार

आमच्या थिएटरात अंधारात लोकांना खुर्ची दाखवणाऱ्या बाईला सगळे बॅटरीबाई म्हणत. तोंडाची एकदम फटकळ. उशिरा आलेल्याच्या थेट डोळ्यांत बॅटरी मारायची आणि वर विचारायची, "घड्याळ विकून खाल्लंत का?" मी तिथं कँटीन चालवतो. माझाच चहा पिऊन मलाच नावं ठेवायची. मला ती मुळीच आवडत नव्हती, उगाच खोटं कशाला बोला!

तिची लेक माझ्याच गल्लीत राहते. लहानपणी बाईने तिला दारू पिऊन बदडलेलं, एकदा तर हात मोडेपर्यंत. आता दर सुट्टीला बाई लेकीच्या दाराशी जायची, कडी वाजवायची आणि आतला टीव्ही ऐकत उभी राहायची. दार उघडायचं नाही. लेकीचं चुकतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग तो सिनेमा लागला. नायिका पिणारी, खोटारडी, पोटच्या पोराला टाकून गेलेली. शेवटी थकून त्याच्याच दारात येते, कडी वाजवते. इथं पब्लिक शिट्ट्या मारायचं, "उघडू नकोस रे!" म्हणून ओरडायचं. आणि नेमकं तेव्हाच बॅटरीबाईला बाहेर पडावं लागे, कारण खेळ सुटण्याआधी मागचे दरवाजे उघडायचं काम तिचं. शेवट तिने कधी पाहिलाच नव्हता.

"तो उघडतो का रे?" एकदा तिने मला विचारलं. कधी नव्हे तो आवाज खाली आलेला. "वाईट आहे ती, कबूल. पण तिच्या बाजूनं एकही माणूस असू नये?"

"मी काय कँटीन सोडून सिनेमे बघत बसतो?" मी म्हणालो. शेवट मला ठाऊक होता, पण सांगवेना.

पुढच्याच एका हाऊसफुल्ल खेळाला ती बाहेर गेलीच नाही. भिंतीला टेकून पडद्याकडे बघत राहिली. खेळ सुटला, दरवाजे बंद, गर्दी त्यांच्यावर जाऊन आदळली. एक म्हातारा पडला, त्याचं डोकं फुटलं. मॅनेजरने तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. एरवी तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी ती सरळ कँटीनकडे आली.

माझ्या काउंटरवर बॅटरी ठेवून ती म्हणाली, "नाही उघडत तो."

मी चहा पुढे केला. "बसा जरा, बाई."

"नको. आज सुट्टीच म्हणायची ना," ती म्हणाली आणि लेकीच्या घराकडे चालू लागली.