अकोट्यातल्या दोन विहिणी

गाडी बडोद्याला वेळेवर पोचली आणि तिथेच घोटाळा झाला. माझी धाकटी बहीण मालती गाडी उशिराच येणार या भरवशावर घरीच होती. फोनवर म्हणाली, "ताई, रिक्षा करून ये. पाहुण्यांना सोडून मी कशी निघू?"

पाहुणे म्हणजे तिच्या दोन विहिणी. मालतीच्या सत्तरीला मुलगा निखिल अमेरिकेहून आणि मुलगी ऋचा जपानहून यायची होती. दोघांनाही रजा मिळाली नाही. दोघांच्या सासवा मोकळ्या होत्या, त्या आल्या!

विश्वामित्री नदीचा पूल ओलांडून मालती राहते त्या अकोट्यात शिरले. दार उघडताच मालती म्हणाली, "आधी बेस (बस), थाकली (दमली) असशील." इतकी वर्षं बडोद्यात राहून तिचं मराठी असं झालंय, आणि हसते मात्र ती माझ्या सातारी हेलाला. आत निखिलची सासू कॅरल खुर्चीत ऐसपैस बसून मटार सोलत होती, अर्धे तोंडात टाकत होती. ऋचाची सासू केइको टरफलांची नीट चवड लावत होती.

मला बोलावण्यामागे कारण होतं. भावजी गेल्यापासून मालती एकटी. फ्लॅट विकायचं तिने ठरवलं होतं, गिऱ्हाईकही आलं होतं. जायचं कोणाकडे एवढंच ठरत नव्हतं. माझं मत तयार होतं. जपानी लोक आईवडिलांना देवासारखे सांभाळतात, आणि अमेरिकेत मूल मोठं झालं की घराबाहेर. दोन्ही देश मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे माझी मतं ठाम आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावपुऱ्यात सेव उसळ खायला गेलो. तिखट तरी वेगळी देतात, जपून घालायची असते. कॅरलने ती सूप समजून वाटीच तोंडाला लावली. डोळ्यांतून धारा! केइकोने घडी घातलेला रुमाल पुढे केला. दुकानदार घाईघाईने ताक घेऊन आला, "बेन, धीमे धीमे" (हळूहळू) म्हणत.

घरी येऊन चहाला बसलो. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत केइकोला म्हटलं, "तुमच्याकडे सुना सासूचं किती करतात! मालतीने तिकडेच जावं."

केइकोने फोनवर वाक्य जपानीत करून घेतलं, दोनदा वाचलं आणि हसली. हळूहळू, शब्द शोधत बोलू लागली. "सासूबाईंचं शेवटपर्यंत मी केलं. आता मी गावी एकटी राहते, मुलगा-सून टोकियोत. नवीन वर्षाला जाते तेव्हा मुलगा स्वयंपाकघरात झोपतो. घर एवढंच आहे. मालतीसान आली, तर तो कुठे झोपेल, याचा मी विमानात विचार करत होते."

मी पवित्रा बदलला. "मग अमेरिका बरी. निखिलने केवढं मोठं घर घेतलंय!"

कॅरलने कप खाली ठेवला. "निखिलने?"

"त्यानेच तर सांगितलं," मालती म्हणाली. "तळमजल्यावरची खोली माझ्यासाठी ठेवलीय."

"ती माझी शिवणाची खोली आहे," कॅरल म्हणाली. "घरच माझं आहे. घरांच्या किमती परवडेनात, म्हणून मुलगी आणि निखिल माझ्याकडे राहायला आले. 'थोडे दिवस' म्हणाले होते. आता नातवंडं माझ्याकडे, कपडे धुणं माझ्याकडे. आमच्या वेळी लग्न करून आईकडे परतणं म्हणजे नामुष्की होती. हल्ली सर्रास चालतं. ही सुट्टी मी भांडून मिळवलीय."

मला वाटलं, मालती आता रडणार. तिने पदर तोंडाला लावला तेव्हा मी उठलेही. पण ती हसत होती.

"ताई, माझा निखिल घरजावई!"

घरजावई म्हणजे काय ते कॅरलला समजावलं, तिने ते केइकोला. केइको इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. हसू ओसरल्यावर मात्र मालतीने डोळे पुसले. "मुलांनी खोटं सांगितलं नाही गं. मला एकटं वाटू नये म्हणून नसलेली जागा देऊ केली."

त्याच संध्याकाळी तिने दलालाला फोन केला, "भाई, हमणां नथी वेचवुं" (सध्या विकायचं नाही). मुलांना एवढंच कळवलं की विहिणी होळीपर्यंत राहताहेत. निखिलने घाबरून विचारलं, "मग मुलांच्या डब्याचं काय?" कॅरल शेजारीच उभी होती, तिने फोन हळूच बंद केला.

मी निघाले तेव्हा तिघी मला सोडायला स्टेशनवर आल्या. गाडी हलली तेव्हा संध्याकाळी उंधियू (मिश्र भाज्यांचा गुजराती पदार्थ) करायचा की बाहेरून आणायचा यावर त्यांचा वाद चालला होता. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. मला राग आला. खरं म्हणजे हेवा वाटला.

साताऱ्यात माझी विहीण दोन गल्ल्या सोडून राहते. आजवर आम्ही भेटलो त्या मानपानाच्या साड्या घेऊन, मुलांच्या समोर, जपून बोलत. घरी पोचल्यावर मी तिला फोन केला. "विहीणबाई, उद्या चहाला या."

ती दचकली. "काही झालंय का? मुलांचं काही?"

"छे हो! नुसत्याच या."

मग तिने आवाज खाली आणून विचारलं, "आजच आले तर चालेल?"