मध्येच उघडणारी चौकट

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. नारायण पेठेतल्या एका लॅबमध्ये विजयमालाबाई रक्त-लघवीचे रिपोर्ट टाइप करायच्या. सव्वीस वर्षं टाइपरायटर, मग आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घातलेला कॉम्प्युटर. बोटं कीबोर्डवर, नजर डॉक्टरांच्या कागदावर. पडद्याकडे बघून टाइप करणारा माणूस त्यांच्या लेखी शिकाऊ. म्हणजे मीसुद्धा.

महिन्याभरात नऊ रिपोर्ट गायब झाले, तेव्हा मॅनेजर हिंमतरावांनी मला बोलावून घेतलं. "सॉफ्टवेअर ठीकच असणार हो तुमचं. बाईंचं वय झालंय. तेवढं लिहून द्या, शनिवारी त्यांना मोकळं करतो." मी लगेच हो म्हणालो. आपण लिहिलेला प्रोग्रॅम चुकेल हे माझ्या गावीच नव्हतं. पंचविशीत माणूस असतो तेवढा शहाणा मी होतोच.

बाईंशेजारी खुर्ची ओढून बसलो. त्या हळूच म्हणाल्या, "शुभंकर, मीच पुसत असेन का रे? आईचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग आमची नावं. शेवटी मला नर्सबाई म्हणायची." नोकरीचं त्यांना फारसं नव्हतंच, धास्ती डोक्याची होती. "तुम्ही टाइप करा, मी बघतो," एवढंच म्हणालो.

अर्धा तास सगळं सुरळीत. मग प्रिंटरमधला कागद संपला. प्रिंट काढणारा प्रोग्रॅम मागे आपला चालू असतो. त्यानं एक चौकट थेट बाईंच्या लिखाणावर आणून ठेवली. 'कागद नाही. आधीचा रिपोर्ट पुसायचा?' आणि 'हो' आधीच निवडलेलं! बाईंची नजर कागदावर. ओळ संपली, करंगळीनं एंटर दाबलं. चौकट गेली, आधीचा रिपोर्टही गेला. बाई पुढची ओळ टाइप करतच होत्या.

ती चौकट मीच लिहिली होती. मी पडद्याकडे बघत काम करतो, त्यामुळे मला ती कधी आडवी आलीच नाही.

बाईंना थांबवून मी तेच त्यांच्यासमोर घडवून दाखवलं. "पुन्हा दाखव," बाई म्हणाल्या. तीनदा दाखवलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मग माझी हजेरी घेतली. "अरे, माणूस कामात असताना मध्ये तोंड खुपसू नये, शिकवलं नाही का घरी? वर उत्तरही आपणच ठरवून ठेवायचं! वा रे वा!"

त्याच दुपारी दुरुस्ती केली. आता ती चौकट आपल्या जागी थांबते, खालच्या पट्टीत नुसती लुकलुकते, आणि एंटरनं काहीही पुसत नाही. वीस मिनिटांचं काम. हिंमतरावांना 'चूक माझी' असं लिहून द्यायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला.

निघताना बाईंनी विचारलं, "हे आणखी किती लॅबमध्ये बसवलंयस?"

"अकरा."

"मग इथे चहाची वाट काय बघतोस? ऊठ. तिथेही एखादी बाई स्वतःलाच वेडी समजत बसली असेल."