अर्ध्या गोळीचा हिशेब लागेना

डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर आईचे सगळे जुने-नवे रिपोर्ट एकत्र दिसत होते. घरातला पहिला पदवीधर मी. साखरेचा चढता आलेख मला वाचता येत होता, यानंच छाती फुगली होती.

"यांच्या शरीराला हा डोस पुरत नाही, वाढवू या," डॉक्टर म्हणाले.

"कसा पुरंल?" आई म्हणाली. "अर्धी गोळी मी घेते, अर्धी ह्याच्या वडलांना, आबांना देते. त्यांनाबी साखरच हाय, पण दवाखान्याची पायरी चढत न्हाईत."

डॉक्टरांची बोटं थांबली. माणसागणिक मापून औषध द्यावं, हे मला पटतं. पण आई कुठं संपते आणि आबा कुठं सुरू होतात, हे त्या आलेखात मला काही सापडेना.

आई म्हणाली, "वाढवाच सायेब. दोघांना पुरंल."