नालबंदाची दाढ आणि आमचे डॉक्टर

"आदी तोंड उघड. बोलायचं मागनं."

आमच्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य हेच. पाय मुरगळलेला येवो नाहीतर पोट दुखणारा, ते आधी हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवत. आमच्या संस्थानच्या महाराजांच्या राज्यात शिकून वर आलेला हा शेतकऱ्याचा मुलगा. आवाज असा, की रोग्याच्या कानात सांगितलेलं गुपितही रस्त्यापर्यंत जाई. मी त्यांच्या दवाखान्यात औषधं कालवत असे.

एकदा पागेतल्या नालबंदाला चौघांनी धरून आणलं. घोडे आपल्याला मारायचा कट करताहेत, त्यांचं बोलणं ऐकू येतं, असं तो ओरडत होता. मागे बायको रडत होती. कुणी म्हणे बाहेरची बाधा, कुणी म्हणे रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडा. तिकडे गेलेला माणूस घरी परतत नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

डॉक्टरांनी हनुवटीकडे हात नेला, तर गड्याने त्या हाताचा कडकडून चावा घेतला.

"चावाय येतंय की!" डॉक्टर खूश. "पर डाव्याच दातानं चावला. उजवीकडं काय झालंय रं?"

"दाक्तरसाब, नाल मारताना खिळं उजव्या दातात धरायचं," बायको म्हणाली. "आता डावीकडं धरत्यात. इचारलं की अंगावर येत्यात."

नालबंद खिळे दातांत धरून काम करतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. दात गेला तर पागेतलं काम जाईल, या भीतीने त्याने तंबाखूची गोळी दाबून दाढदुखी लपवली होती. दाढीआड जबडा टरटरून सुजला होता, अंगात ताप फणफणत होता.

"अंगातली फौज दाढंखाली लढाय लागलीया," डॉक्टर तिला म्हणाले. "त्या लढाईचा धूर डोक्यात गेलाय. आदी आग इझवू."

दाढ काढली, पू निचरला. ताप उतरला तसे घोडेही गप्प झाले. डॉक्टरांनी दवाखानाभर पेढे वाटले आणि निम्मे स्वतःच खाल्ले.

म्हणून त्यांना प्रत्येक वेड दाढेतच दिसायचं, असं समजू नका. उचगावच्या एका मुलीचं तोंड, कान, सांधे, सगळं तपासूनही काही हाती लागलं नाही. "हितली आग मला घावंना," म्हणाले, आणि रोज दुपारी तिच्याशी गप्पा मारत बसले. तिला हसवायला ते म्हशीसारखं रेकून दाखवत, तेव्हा मला त्यांची फार माया यायची.

नोकरी संपवून ते पेठ वडगावला निघाले, त्या सकाळी नालबंद त्यांच्या टांग्याच्या घोड्याला हट्टाने नवे नाल ठोकत होता. तोंडात खिळे, डोळ्यांना धार. डॉक्टरांनी वाकून हनुवटी धरली.

"आदी तोंड उघड. बोलायचं मागनं."

त्याने उघडलं. खिळे खळकन खाली पडले, दाढेची खिंड दिसली आणि दोघेही रडता रडता हसत सुटले.

उरलेले खिळे ठोकून झाले, टांगा वळणाआड गेला. नालबंद कितीतरी वेळ त्या वाटेकडे बघत राहिला.

"बोलायचं ऱ्हाऊनच गेलं की," तो म्हणाला.