पंतांच्या कोठीतले शनिवार

प्रभाकरपंत कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत, टाळी वाजवत. चपला काढायच्या, उंबरा ओलांडायचा, खोलीच्या मधोमध उभं राहून छताकडे बघायचं आणि एक टाळी. मग चारही कोपऱ्यांत जाऊन एकेक टाळी. शेवटी नासलेलं दूध तोंडात गेल्यासारखा चेहरा करून यजमानांना निकाल ऐकवायचा, "खोली मेलेली आहे तुमची." वास्तुशांतीला गेले तरी हेच. बोर्लीतल्या एका घरी आजोबा वारले, तेव्हा समाचाराला गेलेल्या पंतांनी सवयीने टाळी वाजवली. आतल्या खोलीतल्या म्हातारीला वाटलं आरती सुरू झाली. तीही टाळ्या वाजवत बाहेर आली. त्या घराने वर्षभर पंतांशी बोलणं टाकलं. "त्या खोलीत बोलून तरी काय उपयोग होता?" असं पंतांनी मलाच विचारलं.

त्या टाळीतून त्यांना काय कळायचं हे मला कधी समजलं नाही. त्यांनाही समजत नसावं, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं.

पंत मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झाले आणि बोर्ली पंचतनजवळच्या आपल्या नारळी-पोफळीच्या वाडीत येऊन राहिले. उंच, वाळकी काठी. कान मात्र एवढे मोठे की देवाने दुसऱ्याच कुणासाठी घडवून ठेवलेले चुकून यांना लावले असावेत. कचेरीत त्यांना उभ्या जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. इथे मात्र त्यांना विचारल्याशिवाय कुणी स्पीकर घेत नसे. घरोघरी भिंतभर टीव्ही आले, त्यांचे आवाज चिरके निघाले, मुंबईची मुलं सांगू लागली, "बाबा, चांगले स्पीकर घ्या," आणि गाव पंतांच्या दाराशी आलं. पंतांनी गावाला दारात उभं करून त्याचा यथेच्छ अपमान केला. गाव खूष झालं. अपमान करणाऱ्याला विषय कळतो, अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे.

त्यांची वाक्यं मला पाठ आहेत. "आवाज येणं वेगळं, ऐकणं वेगळं. आवाज म्हशीलाही येतो." काशीदच्या लॉजवाल्याने बागेत लावलेले लाल-निळे दिवे चमकणारे स्पीकर पाहून, "हे वाजतात, की पेटणार आहेत?" नुसता धपधपाट आवडणाऱ्या एका तरुणाला, "तुम्हाला स्पीकर नको, कांडप यंत्र घ्या." माझं बोर्लीत औषधांचं दुकान आहे. सगळं गाव मला डॉक्टर म्हणतं. पंत मला 'गोळीवाले' म्हणत, आणि हाक मारताना त्यात एवढा तुच्छपणा भरत की खुद्द गोळीला लाज वाटावी.

त्यांची पद्धत ठरलेली होती. स्पीकर कुणीही मागवो, कुरियर यायचं ते पंतांच्या पत्त्यावर. परीक्षा शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, पंतांच्या घरामागच्या कोठीत. ही कोठी म्हणजे लांबट खोली. पंतांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, माहेरच्या शेतातला वाटा दरवर्षी तिथे यायचा. तीन भिंतींना छतापर्यंत भाताच्या गोण्या, चौथ्या भिंतीशी एक फळी, फळीवर स्पीकर. आम्ही दहा-बारा जण सतरंजीवर. खोकला आला तर बाहेर पोफळीखाली जाऊन खोकून यायचं. हलायचं नाही. घड्याळ दाराबाहेर काढून ठेवायचं, कारण एकदा कुणाच्या तरी मनगटावर टिकटिक ऐकून पंतांनी अख्खी सभा बरखास्त केली होती.

आणि आवाज? इथे मला खरं बोलणं भाग आहे, ते मला जड जातं. आवाज अप्रतिम होता. गाणारी बाई सुरुवात करण्याआधी श्वास घ्यायची, तो श्वास ऐकू यायचा. तबल्यावर बोट कुठे पडलं ते दिसायचं. मच्छीचा धंदा करणारा, दिवसभर बर्फासारखा थंड चेहरा घेऊन वावरणारा आमचा एक गाववाला त्या कोठीतून डोळे पुसत बाहेर पडताना मी पाहिला आहे. सात वाजता आम्ही उठायचो आणि वाडीतून रस्त्यापर्यंत कुणी बोलायचं नाही. आमच्या गावात हे केवढं, ते आमच्या गावाला ओळखणाऱ्यालाच कळेल.

मीही स्पीकर घेतले. दोन जोड्या मागवल्या. तीन शनिवार ऐकल्यावर पंत म्हणाले, "ही डावीकडची जोडी खोटं बोलते. उजवी न्या. तुमची लायकी नाही, पण न्या." मी घरी आणून लावली. पहिलाच आलाप सुरू झाला आणि बायको कणकेच्या हातांनी बाहेर आली.

"अहो, हा बाबा बादलीत तोंड घालून गातोय का?"

मी वायरी बदलल्या, स्पीकर पुढे घेतले, मागे घेतले. बादली ती बादलीच. शेवटी पंतांना बोलावलं. त्यांनी पाच टाळ्या वाजवल्या. आमची चकचकीत फरशी, काचेची कपाटं, खिडकीचं उघडं ग्रिल यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि चहा न घेता म्हणाले, "स्पीकर निर्दोष आहेत. तुम्ही चुकीच्या घरात राहता."

बायकोने त्यानंतर चार दिवस मला त्याच वाक्याने उठवलं.

असे चुकीच्या घरात राहणारे गावात अकरा जण होते, हे मला नंतर कळलं. प्रत्येकाकडे बादली होती. प्रत्येकाला वाटत होतं की दोष आपल्याच घराचा, आपल्याच कानाचा. म्हणून प्रत्येकाने मुकाट्याने स्पीकरवर क्रोशाचा रुमाल टाकला होता आणि दर शनिवारी तो पुन्हा सतरंजीवर येऊन बसत होता. अज्ञान लपवण्यात आमचं गाव फार एकजुटीचं आहे.

मला साक्षात्कार झाला तो शिंकेमुळे. माझी शिंक ख्यातनाम आहे. घरी ती तीन भिंतींवर आपटून परत माझ्याच अंगावर येते. एका शनिवारी ती कोठीत आली, बाहेर पळायला वेळच मिळाला नाही. सगळे हादरून बघायला लागले, पंतांनी डोळे मिटले. पण ती शिंक! एखाद्या खानदानी बाईने पदराआड शिंकावं तशी नाजूक निघाली आणि गोण्यांत जिरून गेली. मी गोण्यांकडे बघितलं. घरी आलो, घरातल्या सगळ्या गाद्या, उशा, दुलया हॉलमध्ये भिंतींना लावून रचल्या आणि स्पीकर लावले. बादली गेली. बाई श्वास घेऊ लागली.

"पाहुणे येणारेत का कुणी?" बायकोने विचारलं.

"पंतांचं पितळ उघडं पडणार आहे," मी म्हणालो.

सगळी जादू भाताची होती! या माणसाने वर्षानुवर्षं आम्हाला म्हशीपेक्षा कमी लेखलं, आणि स्वतः कशाच्या जिवावर, तर वहिनींच्या माहेरच्या भाताच्या! सभ्य माणसाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं असतं. मी सभ्य नाही. मला गोष्ट रंगवायला आवडते, आणि चार माणसं जमल्याखेरीज गोष्टीला रंग चढत नाही.

माणसं वाचनालयाने जमवून दिली. वाचनालयाच्या सभागृहात स्पीकर बसवायचं ठरलं. अध्यक्षांनी स्पीकर विकणाऱ्या आपल्या एका भाच्याकडची जोडी सुचवली, पंतांनी दुसरी. अध्यक्ष चारचौघांत म्हणाले, "पंत, तुमच्या शब्दावर तरी किती चालायचं?" पंतांचे कान लाल झाले. "शनिवारी या. दोन्ही जोड्या कोठीत मांडा. मी डोळे बांधतो. कुठली कुणाची ते सांगेन. चुकलो तर पुन्हा कुणाच्या स्पीकरला हात लावणार नाही." सगळं गाव येणार हे त्याच क्षणी ठरलं.

शुक्रवारी पंत पेन्शनच्या कामाला श्रीवर्धनला जायचे होते. गुरुवारी मी वहिनींकडे गेलो.

"वहिनी, गोण्यांत उंदीर फार झालेत म्हणे?"

"झालेत? संसार थाटलेत त्यांनी. पण हे हात लावू देतील तर ना! मागे दोन गोण्या काढल्या तर चार दिवस जेवले नाहीत नीट."

हे वाक्य मी ऐकलं, आणि माझ्या घाईत त्याच्यावरून पुढे गेलो. "उद्या माझ्या ओळखीचा टेम्पो रिकामा आहे," मी म्हणालो. "सगळं भात गिरणीवर टाकून देतो."

"न्या हो भाऊजी, न्या. लोणच्याच्या बरण्यांना तरी जागा होईल."

शुक्रवारी दुपारपर्यंत कोठी मोकळी झाली. टेम्पोवाल्याने शेवटची गोणी उचलताना आत हाळी दिली आणि दचकून म्हणाला, "डॉक्टर, आतमंदी कोन हाय का? कोनतरी वरडला."

"तूच ओरडलास."

शनिवारी पाचाच्या आत कोठी भरली. मी पहिल्या रांगेत बसलो. पंत धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर पंचा टाकून आले आणि दारात थांबले. श्रीवर्धनहून रात्री उशिरा परतलेल्या पंतांनी कोठी तोवर पाहिलीच नव्हती. त्यांनी उघड्या भिंती बघितल्या, भिंतींवरचे गोण्यांचे चौकोनी डाग बघितले. मग आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. टाळी वाजवली नाही. पुढे येऊन बसले आणि पंच्याने स्वतःचे डोळे स्वतःच बांधले.

पहिली जोडी वाजली. बादली. दुसरी वाजली. दुसरी बादली. लोकांनी चुळबुळ केली, पण कुणी आवाजाकडे लक्ष देत नव्हतं, सगळे पंतांच्या तोंडाकडे बघत होते. पंतांनी मान एका बाजूला केली, हात वर केला आणि नाटकातल्या राजासारखं म्हणाले, "पहिली माझी. दुसरी ती भाच्याची रद्दी."

नेमकं उलटं होतं.

पहिला हसलो मी. मग सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, "पंत, कान धुऊन या हो!" ज्यांना खोकायला पोफळीखाली जावं लागायचं ते तिथेच खोकून खोकून हसले. त्यात इतक्या वर्षांचं 'म्हशीलाही येतो' वसूल झालं. पंतांनी पंचा सोडला, घडी घातली आणि "बरोबर आहे, वय झालं," असं म्हणून घरात गेले. पंतांच्या तोंडून नम्र वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ते त्यांना अजिबात शोभलं नाही, पण हसण्याच्या भरात मी सोडून दिलं.

त्यानंतर त्यांनी शब्द पाळला. कुणाच्या स्पीकरला हात लावला नाही. कुणी बोलावलंही नाही. दिवाळीनंतर मुलगा गाडी घेऊन आला आणि पंत-वहिनी पनवेलला त्याच्या फ्लॅटवर राहायला निघाले. निरोपाला मी एकटाच गेलो. वहिनी गाडीत बरण्या ठेवत होत्या. पंतांनी मला वाडीत बाजूला नेलं.

"गोळीवाले, भात तुम्हीच हलवलंत ना?"

मी पायाखालची एक सुपारी उचलली आणि पुसू लागलो.

"तुम्हाला वाटतं, मला ठाऊक नव्हतं? पहिल्या वर्षीच कळलं होतं. दोन गोण्या काढल्या होत्या हिने. पुढचे चार दिवस मी त्या कोठीत पाय टाकला नाही."

"मग सांगितलं का नाहीत? अकरा घरांत स्पीकर पडून आहेत."

"सांगितलं असतं तर प्रत्येकाने आपल्या घरी चार गाद्या उभ्या केल्या असत्या आणि एकेकटा ऐकत बसला असता. शनिवारी आलं कोण असतं? तुम्ही? तुम्ही तर गाद्या उभ्या करून ऐकलंतही. बायको सांगत होती तुमची."

"आणि त्या दिवशी? खरंच ओळखता आलं नाही?"

पंतांनी माझ्यावर कचेरीतली जुनी नजर टाकली, म्हणजे कचेरीत साहेबांवर टाकायची असून टाकता न आलेली. "त्या बादलीतही दोन्ही वेगळे कळत होते, अगदी स्वच्छ. बरोबर सांगितलं असतं, तर तुम्ही उठून भाताचं भाषण ठोकणार होतात. खिशात तयार होतं तुमच्या, बसण्यावरून दिसत होतं. मग सगळ्यांना वाटलं असतं, आपण इतकी वर्षं डोळे पुसले ते गोण्यांमुळे. मी चुकलो. तुम्ही हसलात, भाषण विसरलात. आता गाव म्हणतं, पंत बहिरे झाले. म्हणू दे. ऐकलं ते तरी शाबूत राहिलं त्यांचं."

गाडीतून वहिनींनी हाक मारली. पंत वळले आणि जाता जाता म्हणाले, "तुम्ही माझा कान पकडायला आला होतात, गोळीवाले. खोली उघडी करून बसलात. तुमच्या अकलेला तेवढंच जमायचं."

दीड वर्षाने ते पनवेललाच वारले.

हे मी लिहितोय ते गावात कुणी वाचणार नाही या भरवशावर. वाचनालयात पुस्तकं येतात, पण उघडून बघायची चाल नाही. स्पीकर शेवटी भाच्याचेच बसले आणि ते फक्त अध्यक्षांच्या भाषणाला वाजतात. मच्छीवाला अधूनमधून दुकानात येतो, गुडघ्याचं मलम घेतो आणि काउंटरवर टेकून उभा राहतो.

"डॉक्टर, पंतांच्या कोठीत काय आवाज यायचा हो! तसा कुठंच न्हाय."

"नाही," मी म्हणतो.

"शेवटी कानच गेला बिचाऱ्याचा."

माझ्याकडे या गावातली सगळ्यात उत्तम गोष्ट आहे, समोर ऐकणारा आहे, आणि दुकानात गर्दीही नाही.

"हो," मी म्हणतो. "वयामुळे होतं तसं." आणि मलम पुडीत बांधून देतो.